अठरा एमएमचा तुटवडा आणि वाचनालयाचे रॅक

पत्र : चिपळूणजवळ माझे फर्निचरचे छोटे वर्कशॉप आहे. मी आणि दोन कारागीर मिळून काम करतो. सध्या हातात दोन कामे आहेत. गावच्या वाचनालयासाठी दहा उघडे रॅक करायचे आहेत. प्रत्येक रॅक ७ फूट उंच, ३ फूट रुंद, १२ इंच खोल आणि सहा फळ्यांचा. दुसरे काम एका घरातल्या स्वयंपाकघराचे आहे आणि ते गणपतीआधी द्यायचे आहे. दोन्हींचा दर १८ एमएम बीडब्ल्यूआर (उकळते पाणी सोसणारा) प्लाय धरून दिला आणि आगाऊ रक्कमही घेतली. आता नेहमीचे दुकानदार म्हणतात, आयएसआय मार्कचा माल तीन आठवडे तरी येणार नाही आणि आला तरी दर चढा असेल. बिनमार्कचा माल मात्र त्यांच्याकडे पडून आहे आणि तो स्वस्तही आहे. तो घ्यावा, थांबावे, की प्लाय सोडून एमडीएफसारखे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डासारखे) काही वापरावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन पर्यायांपैकी पहिला आधी बाजूला ठेवू. बिनमार्कचा प्लाय घेऊ नका. फेब्रुवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांनुसार प्लायवूड, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, म्हणजेच आयएसआय मार्क, सक्तीचे झाले आहे. लहान कारखान्यांना काही महिन्यांची जादा मुदत मिळाली, परंतु त्या सवलतीच्या आडोशाने विकल्या जाणाऱ्या मालाची खात्री तुम्हाला कोणीही लिहून देणार नाही. कायदा क्षणभर विसरलो तरी व्यवहार म्हणूनही तो माल परवडत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच घाईत एका दुकानदाराच्या शब्दावर मी बिनमार्कची आठ शीट उचलली होती. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या पेटीचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे सुटले, आणि ती पेटी मला स्वखर्चाने पुन्हा करून द्यावी लागली. शीटमागे वाचवलेले पैसे त्या एका फेरीत गेले. गिऱ्हाईकाचा विश्वास परत मिळवायला मात्र त्याहून बराच अधिक काळ लागला.

माल का मिळत नाही, हेही थोडक्यात समजून घ्यावे, कारण त्यावरून पुढची खरेदी ठरवता येते. आपला प्लाय एकेकाळी मोठ्या प्रमाणावर ईशान्येच्या जंगलांतून येत असे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोड रोखण्यासाठी दिलेल्या आदेशानंतर तिकडचे कारखाने बंद पडले आणि हा उद्योग शेतातल्या झाडांवर उभा राहिला : हरियाणातल्या यमुनानगरला पॉप्लर व निलगिरी आणि केरळातल्या पेरुंबावूरला रबराचे लाकूड. शेतातले झाड म्हणजे शेतमालच. भाव पडला की शेतकरी लागवड थांबवतो आणि त्याची टंचाई पाच-सहा वर्षांनी आपल्या दुकानात येऊन बसते. वरच्या पापुद्र्याची कथा वेगळी आहे. त्यासाठी लागणारे गर्जन लाकूड म्यानमारमधून येत असे. तिथल्या सरकारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यात आता चिन्हाची सक्ती आल्यामुळे, परवाना नसलेला देशी आणि परदेशी माल बाजारातून मागे हटला आहे. म्हणून ‘तीन आठवडे’ हा शब्द मी तरी तीन आठवड्यांचा धरणार नाही, आणि थांबण्याचा तुमचा दुसरा पर्यायही त्यामुळे बाद होतो.

राहिला तिसरा. ‘प्लायऐवजी काय’ असा प्रश्न एकदम विचारला की त्याचे उत्तर एकाच नव्या बोर्डाच्या नावात शोधले जाते आणि तिथेच फसगत होते. प्लायने आपल्याला इतकी सवय लावली आहे की उभा खांब, आडवी फळी, पाठ, दार, सिंकखालचा तळ या सर्वांना आपण एकाच शीटमधून कापतो. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येकाचे काम वेगळे असते. तुमच्या दोन्ही कामांचे भाग सुटे करून पाहिले, तर खऱ्याखुऱ्या प्लायची गरज मला निम्म्याहूनही कमी दिसते.

वाचनालयापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त शीट तिथेच खर्च होणार आहेत. दहा रॅक आणि प्रत्येकी सहा फळ्या, म्हणजे ३ फुटांच्या साठ फळ्या, एकूण १८० फूट. आठ बाय चारच्या शीटची रुंदी ४८ इंच असते. त्यातून नेमक्या १२ इंचांच्या चार पट्ट्या निघत नाहीत, कारण प्रत्येक कापात करवत साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जागा खाते. म्हणून तीनच पट्ट्या पुऱ्या मिळतात आणि चौथी अपुरी पडते. लांबीत ८ फुटांतून ३ फुटांच्या दोनच फळ्या बसतात आणि प्रत्येक पट्टीमागे २ फुटांचा तुकडा उरतो. म्हणजे एका शीटमधून सहा फळ्या, १८ फूट लांबी. केवळ फळ्यांसाठी तुम्हाला दहा शीट लागतील.

आता मापे बदलून पाहा. बहुतेक मराठी पुस्तके डेमी आकारात छापली जातात. त्यांची रुंदी साडेपाच इंच असते. त्यांच्यासाठी १२ इंच खोली ही चैन आहे, १० इंच भरपूर होते. त्या १० इंचांपैकीही पुढची पाऊण इंच जाडी लाकडी लिपिंगची (कडेला लावायच्या पट्टीची) धरली, तर प्लायची पट्टी सव्वानऊ इंच रुंद पुरते आणि तशा पाच पट्ट्या एका शीटमध्ये करवतीची खाच धरूनही आरामात बसतात. लांबी ३ फुटांऐवजी २ फुटांच्या किंचित आत, पावणेचोवीस इंच ठेवा, म्हणजे प्रत्येक पट्टीतून चार फळ्या निघतील. एका शीटमधून वीस फळ्या, जवळजवळ ४० फूट. दहा शीटचे काम साडेचार शीटमध्ये होते आणि उरलेल्या अर्ध्या शीटचा उपयोग पुढे स्वयंपाकघरात होतो. मोठ्या आकाराचे शब्दकोश आणि वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली यांच्यासाठी एखादा खण खोल ठेवावा लागेल. तो वाचनालयाच्या चिटणिसांना विचारून ठरवा.

फळी आखूड करण्याचा याहून मोठा फायदा मजबुतीत आहे. पुस्तकांनी भरलेल्या फळीवर दर मीटरला सुमारे ३० किलो भार येतो. सारख्या पसरलेल्या भाराखाली फळीचा झोळ तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे लांबी दुप्पट केली तर झोळ सोळापट होतो. ३ फुटांवरून २ फुटांवर आलात की तोच झोळ एक पंचमांशावर येतो. त्यातच पुढच्या कडेला पाऊण इंच जाड आणि दीड-पावणेदोन इंच रुंद अशी सागाची किंवा तत्सम कठीण लाकडाची पट्टी उभी लावली, तर फळीचा ताठपणा जवळपास दुप्पट होतो. १८ एमएमची ३ फुटी फळी वाचनालयात वर्षभरात पोट सोडते, हे तुम्हीही पाहिले असेल. दोष बहुधा प्लायला दिला जातो आणि असतो मात्र मापांचा. प्लाय अजिबात मिळाला नाही, तर याच मापात ब्लॉकबोर्ड चालेल, परंतु एक काळजी घ्या. ब्लॉकबोर्डच्या आतल्या लाकडी पट्ट्या शीटच्या लांबीला समांतर असतात, म्हणून फळीची लांबीही त्याच दिशेने कापली पाहिजे. आडवी कापलेली फळी दिसायला तीच, पण भार घेण्याच्या बाबतीत तिच्यात अर्थ उरत नाही. शीटचा तुकडा वाया जाऊ नये म्हणून कारागीर नेमके हेच करतात, तेव्हा कापताना स्वतः उभे राहा.

खण २ फुटांचे केले की उभे आधार वाढतील, अशी शंका तुम्हाला येईल. सुटे दहा रॅक केले तर वीस बाजू लागतात. त्याऐवजी २ फुटांचे पंधरा खण धरून पाच-पाच खणांच्या तीन रांगा करा. शेजारच्या दोन खणांना मधला आधार सामाईक राहील आणि तीन रांगांना मिळून अठराच आधार लागतील. हे आधार प्लायचे सपाट फळकूट असण्याचे काहीही कारण नाही. अडीच इंच रुंदीचे दोन उभे खांब, त्यांना कुसू (खाचेत बसणारे टोक) घालून जोडलेल्या सहा आडव्या पट्ट्या आणि त्यांवर फळी टेकवायची, अशी शिडीसारखी चौकट पुरते. ती हलकी असते, तिच्यातून हवा खेळते आणि कोकणातल्या दमट हवेत पुस्तकांना बुरशी लागण्याचा धोकाही थोडा कमी होतो. प्रत्येक रांग वरच्या बाजूला भिंतीला पक्की बांधावी, हे सांगायला नकोच.

या छत्तीस खांबांसाठी लाकूड तुमच्याच तालुक्यात आहे. कौलारू घरे पाडून जिथे स्लॅब पडत आहेत, तिथे सागाचे, किंजळीचे, फणसाचे वासे, तुळया आणि रिपा निघतात. पन्नास-साठ वर्षे छपराखाली राहिलेले ते लाकूड कोणत्याही भट्टीपेक्षा चांगले सुकलेले असते. घेताना टोके आणि भिंतीत गेलेला भाग तपासा, कारण वाळवी तिथून शिरते. छिद्रांतून ताजे पीठ पडत असेल तर तो नग सोडून द्या. जुने खिळे लोहचुंबक फिरवून शोधून काढल्याशिवाय वासा गिरणीत नेऊ नका. एका खिळ्याने पट्टीकरवतीचे पाते गेले, तर गिरणीवाला पुढच्या वेळी तुम्हाला दारातूनच परत पाठवील. जुने लाकूड पुरेसे मिळाले नाही, तर कोकणात रस्त्यांच्या कडेला आणि पडीक जमिनींवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, जिला आपल्याकडे सर्रास अकेशिया म्हणतात, खांबांसाठी उत्तम आहे.

ओल्या लाकडाची भीती बाळगा, पण प्रमाणात. लाकूड आटते ते तंतूंच्या आडव्या दिशेने, लांबीत जवळजवळ नाही. म्हणूनच अडीच इंची खांबाला पावसाळ्यात घडवले तरी फारसे बिघडत नाही, आणि त्याच लाकडाची १० इंच रुंद अखंड फळी मात्र डिसेंबरात वाकडी होऊन किंवा चिरून बसते. आंब्याची रुंद फळी स्वस्तात मिळते म्हणून तिच्या नादी लागू नका. आंब्याला कीडही लवकर धरते. वापरायचाच असेल तर फळ्या ओल्या असतानाच बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स एकास दीड या प्रमाणात घेऊन केलेल्या द्रावणात बुडवून, मग झाकून ठेवून सावलीत सुकवाव्या लागतात, आणि एवढा वेळ या कामात तुमच्यापाशी नाही. शेजाऱ्याच्या परसातले झाड ‘तोडून घ्या’ असे कोणी सांगितले, तर आधी कागद पाहा. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग तर आहेच, पण आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ हेही आहेत. स्वतःच्या जमिनीतले असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत.

आता स्वयंपाकघर. इथे मला जरा जुन्या पद्धतीची आठवण करून द्यावीशी वाटते. ओट्याखाली प्लायच्या पेट्या बसवण्याची रीत आपल्याकडे मॉड्युलर किचनच्या जाहिरातींबरोबर आली. त्याआधी महाराष्ट्रात घरोघरी कडप्प्याचे उभे आधार, कडप्प्याचीच मधली फळी आणि पुढे लाकडी चौकटीत दारे किंवा ट्रॉल्या, अशी रचना होती, आणि ती रद्द करण्यासारखे तिच्यात काहीही नव्हते. पाणी, वाळवी, झुरळांचे औषध, काहीही पडले तरी कडप्पा तसाच राहतो. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये पाणी किती चढले होते, हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. घर सखल भागात असेल तर खालच्या पेट्यांसाठी मी दुसरे काही सुचवणारच नाही. ट्रॉलीचे रनर कडप्प्याला थेट बसत नाहीत. त्यासाठी आतल्या बाजूला दीड इंची लाकडी पट्टी आधी फासनरने पक्की करावी लागते, आणि गवंड्याला आधार काटकोनात व ओळंब्यात लावायला तुम्ही समोर उभे राहून भाग पाडावे लागते. अर्धा इंच फरक पडला तर ट्रॉली अडते आणि बोल सुताराला लागतो.

सिंकखालचा खण हीच एक जागा अशी आहे, जिथे कडप्पा नको असेल तर आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय किंवा पीव्हीसी फोम बोर्ड, या दोनच गोष्टींना मी संमती देईन. फोम बोर्डाला पाण्याचे भय नाही. परंतु त्यात स्क्रूची पकड कच्ची असते, लांब दार त्याचे केले तर ते वाकते आणि उष्णतेने तो मऊ पडतो, म्हणून गॅसच्या शेगडीजवळ तो लावू नये.

वरच्या कपाटांना आणि दारांना तुम्ही विचारलेला एमडीएफ चालेल का? कोकणात साधा एमडीएफ नको. कडेतून ओल शिरली की तो फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. एचडीएचएमआर नावाने मिळणारा अधिक घनतेचा बोर्ड दारांसाठी चांगला आहे, मात्र तो ओलावा सोसतो, पाणी सोसत नाही. दोन्हींतला हा फरक गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा आणि प्रत्येक कापलेली कड, अगदी बिजागरीच्या खाचेची आतली बाजूसुद्धा, सीलबंद करा. तो जडही असतो. १८ एमएम प्लायचे पूर्ण शीट तीस-बत्तीस किलोच्या आसपास भरते, तर याचे चाळीसच्या पुढे जाते, म्हणून उंच दाराला एक बिजागरी जास्त लावा. कडेत स्क्रू मारण्याआधी योग्य मापाचे भोक पाडून घ्या, नाहीतर बोर्ड उभा चिरतो. हे बोर्ड कापताना उडणारी धूळ फार बारीक असते आणि त्यांच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असते, ज्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून केलेली आहे. कारागीर तोंडाला रुमाल बांधून हे काम करतात. त्यांना चांगले मास्क आणून द्या आणि बोर्ड घेताना ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा मागा. पार्टिकल बोर्डाचा विचार तुमच्या हवेत करूच नये.

बांबूच्या बोर्डाविषयी अलीकडे अनेक जण विचारतात. वस्तू चांगली आहे, बांबूच्या चटयांपासून बोर्ड करण्याचे तंत्र बंगळूरच्या प्लायवूड संशोधन संस्थेने फार पूर्वीच सिद्ध केले आहे आणि तुमच्या शेजारच्या सिंधुदुर्गात कुडाळला कोनबॅक ही संस्था बांबूच्या बांधकामात आणि फर्निचरमध्ये चांगले काम करत आहे. परंतु गणपतीआधी द्यायच्या कामात पहिला प्रयोग करू नये. एखादे टेबल स्वतःच्या घरासाठी करून पाहा आणि दोन पावसाळे जाऊ द्या.

एवढे सगळे वजा जाता दोन्ही कामांना मिळून तुम्हाला मार्कचे प्लाय पाच-सहा शीट लागेल. पंधरा-वीस शीटची मागणी पुरी करणे आज दुकानदाराला अवघड आहे. पाच शीट रत्नागिरी, कोल्हापूर किंवा कराडच्या तीन दुकानांतून गोळा करता येतात. तुमच्यासारखेच अडलेले आणखी दोन-तीन सुतार एकत्र आले तर गाडीभाडेही वाटून जाते. मात्र वेगवेगळ्या दुकानांतून घेताना जाडी मोजून घ्या, कारण १८ म्हणून दिलेला माल बऱ्याचदा १७ किंवा त्याहून कमी भरतो आणि एकाच रांगेत दोन जाड्यांच्या फळ्या आल्या की लिपिंग जुळत नाही. शीटवरचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये घालून कारखान्याचे नाव जुळते का ते दुकानातच पाहा, कारण खोटे शिक्केही बाजारात फिरतात. कडेकडून पाहताना आतल्या थरांत पोकळी किंवा एकावर एक चढलेले थर दिसले तर शीट परत करा. मरीन म्हणून दिलेल्या मालाचा हातभर तुकडा मागून घ्या आणि घरच्या पातेल्यात दिवसभर उकळा. आयएस ७१० च्या चाचणीत तो ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. एका दिवसातच ज्याचे थर सुटतात, त्याच्याविषयी आणखी विचार करण्याची गरज उरत नाही.

शेवटी पैशांचे आणि शब्दाचे. तुम्ही दर बीडब्ल्यूआर प्लाय धरून दिला आहे, म्हणून कडप्पा असो, जुना साग असो की एचडीएचएमआर, गिऱ्हाईकाच्या लेखी संमतीवाचून एकही बदल करू नका, तो बदल तुमच्या मते कितीही चांगला असला तरी. वाचनालयाचे काम समितीचे आहे, तिथे तर ठरावाच्या वहीत नोंद हवी, कारण पुढच्या वर्षी समिती बदलते आणि ‘प्लायचे पैसे घेऊन जुने वासे लावले’ असे कोणीतरी म्हणतेच. नवा आराखडा, खणांची संख्या, फळ्यांची एकूण लांबी आणि वापरायचे साहित्य हे एका कागदावर लिहून घ्या. १८० फूट फळी मागितली होती, जवळजवळ तेवढीच मिळते आहे, असे त्यावर दिसले की बोलणे सोपे जाते. शीट वाचल्यामुळे उरणाऱ्या रकमेतला काही भाग खांब घडवण्याच्या मजुरीत जाईल. चौकटीच्या कुसवांना प्लायच्या बाजूंपेक्षा नक्कीच जास्त दिवस लागतात. तेवढे धरूनही काही उरले, तर ते समितीला दाखवा आणि त्यातून सर्वांत खालची फळी कडप्प्याची करून द्या, जमिनीपासून फूटभर उंच.

क्रम असा ठेवा : आधी गवंडी गाठून ओट्याखालचे कडप्पे लावून घ्या, कारण पावसात गवंड्याचे काम रेंगाळते आणि त्याच्याशिवाय तुमचे माप सुरू होत नाही. तो काम करीत असताना जुन्या लाकडाचे खांब गिरणीतून चिरून आणून शेडमध्ये आडव्या पट्ट्या घालून रचून ठेवा. वाचनालयाला गणपतीची घाई नाही, त्यांच्याकडून दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घ्या.